खाण बुडाली, डोंगर उघडाच: दिवाळखोर कोळसा खाणीच्या रखडलेल्या रिक्लेमेशनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली माहिती अमेरिकेतल्या ॲपलेशियन डोंगरपट्ट्यातल्या, मुख्यतः पूर्व केंटकी आणि वेस्ट व्हर्जिनियातल्या, उघड्या कोळसा खाणींची आहे. कायदा केंद्राचा, १९७७ चा, ‘स्मक्रा’ या लघुनावाने ओळखला जाणारा. रोजची अंमलबजावणी मात्र राज्याचं खाण खातं करतं आणि त्यावर ओएसएमआरई या केंद्रीय कार्यालयाची नजर असते. त्यामुळे काही मुदती आणि फॉर्म राज्यागणिक वेगळे असतात. चंद्रपूर-वणीकडे ज्याला ओबी म्हणतात, म्हणजे कोळशाच्या वरची काढून टाकलेली माती आणि दगड, त्यासाठी इथेही तोच शब्द वापरला आहे.

रिक्लेमेशन म्हणजे झाडं लावून देणं, एवढंच ना?

नाही. रिक्लेमेशन म्हणजे खणलेली जमीन पुन्हा पूर्ववत करणं, आणि त्यात झाडं फार उशिरा येतात. डोंगर कापून कोळसा काढला की मागे दगडाची उभी भिंत उरते, तिला हायवॉल म्हणतात. ती पूर्ण झाकली पाहिजे, हा कायद्याचा कणा. आधी ओबी खड्ड्यात परत टाकायची, डोझरने उतार काढून डोंगर साधारण पूर्वीच्या आकाराला आणायचा (कागदोपत्री याला एओसी म्हणतात), पाण्याच्या वाटा आणि गाळ अडवणारी तळी नीट करायची. मग राखून ठेवलेली वरची माती पसरायची, पेरणी करायची, आणि त्यानंतर वाट पाहायची. वर्षाला २६ इंचांपेक्षा जास्त पाऊस पडणाऱ्या भागात ही वाट ५ वर्षांची. वायोमिंगसारख्या कोरड्या भागात १० वर्षांची. हे वर्ष मोजणं शेवटच्या पेरणी-खतापासून सुरू होतं. तिसऱ्या वर्षी गवत जळालं म्हणून पुन्हा बी टाकलं, तर घड्याळ पुन्हा शून्यावर.

एक अपवाद लक्षात ठेवा. डोंगरमाथाच उडवून केलेल्या खाणींना एओसीतून सूट मिळू शकते, पण त्या बदल्यात खाणीनंतरचा वापर (औद्योगिक जागा, शेती वगैरे) परवान्यात लिहिलेला असावा लागतो. तक्रार करण्याआधी तेवढं पान वाचा. ‘डोंगर परत का नाही केला’ या प्रश्नाचं उत्तर कधीकधी ‘करायचाच नव्हता’ असं निघतं.

काम ‘रखडलं’ असं नेमकं कधी म्हणता येतं?

कोळसा काढणं आणि जमीन भरणं एकामागोमाग चालू राहिलं पाहिजे, खाण संपल्यावर एकदम नव्हे. केंटकीच्या नियमात डोंगराच्या कडेने वळत जाणाऱ्या कंटूर खाणीसाठी माप आहे: कोळसा निघाल्यापासून ६० दिवस, किंवा चालू कामाच्या मागे १,५०० फूट. सपाटीवरच्या खाणीत १८० दिवस, आणि मागे ओबीच्या चार रांगांपेक्षा जास्त उघड्या नकोत. परवान्यात यापेक्षा सैल मुदत मंजूर केलेली असू शकते.

खरी गोम ‘तात्पुरता बंद’ या दर्जात आहे. काम ३० दिवसांहून जास्त थांबणार असेल तर कंपनीने खात्याला लेखी कळवायचं, किती एकर उघडे आहेत ते सांगायचं, आणि तळी, पंप, पाण्याची तपासणी चालू ठेवायची. हा दर्जा वर्षानुवर्षं ताणला जातो. कोळशाचा भाव चढला की पुन्हा सुरू करू, या आशेवर पडून राहिलेल्या अशा खाणींना तिकडे ‘झोम्बी माइन’ म्हणतात. नाव गमतीचं वाटतं, पण अचूक आहे: परवाना जिवंत, खाण मेलेली.

कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. आता जमिनीची जबाबदारी संपली का?

नाही, आणि हाच सर्वांत मोठा गैरसमज आहे. दिवाळखोरीचा अर्ज म्हणजे धनकोंचा तगादा थांबवण्याचा अर्ज. अर्जानंतर जो कोणी मालमत्ता चालवतो, मग ती कंपनी असो वा न्यायालयाने नेमलेला ट्रस्टी, त्याने राज्याचे कायदे पाळूनच ती चालवायची असते. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या मिडलँटिक निकालात म्हटलं, की सार्वजनिक आरोग्याला आणि सुरक्षिततेला ओळखता येणारा धोका असेल तर त्यापासून जनतेचं रक्षण करणारे राज्याचे कायदे डावलून ट्रस्टीला मालमत्ता वाऱ्यावर सोडता येत नाही. त्याच्या आदल्याच वर्षी मात्र कोवॅक्स प्रकरणात न्यायालयाने उलट टोक दाखवलं होतं: साफसफाईचं कर्तव्य एकदा निव्वळ पैशाच्या मागणीत बदललं, की ते इतर कर्जासारखंच माफ होऊ शकतं.

या दोन निकालांच्या मधल्या पट्टीत सगळी भांडणं चालतात. म्हणून राज्याचे चांगले वकील कंपनीकडे ‘इतके डॉलर द्या’ असं न मागता ‘हायवॉल झाका’ असा आदेश मागतात. शब्दांचा खेळ वाटेल, पण पैसे मिळण्याच्या रांगेतला नंबर त्यावर ठरतो. अर्जानंतर मालमत्ता सांभाळण्याचा खर्च तिजोरीतून आधी जातो. जुनं साधं कर्ज रांगेच्या शेवटी उभं राहतं.

दिवाळखोरीची स्थगिती आहे, म्हणून तक्रारच घेत नाही, असं कर्मचारी म्हणाला. बरोबर आहे का?

चूक आहे. दिवाळखोरीचा अर्ज होताच वसुली आणि खटले आपोआप थांबतात, ती ही स्थगिती. ती धनकोंना आणि खासगी पक्षकारांना अडवते. सरकारी खात्याला आपला नियामक अधिकार वापरायला अडवत नाही. निरीक्षक खाणीवर जाऊ शकतो, उल्लंघनाची नोटीस काढू शकतो, काम बंद करायला लावू शकतो, दुरुस्तीचा आदेश देऊ शकतो. दंडही ठरवू शकतो. फक्त ठरवलेला दंड दिवाळखोर कंपनीकडून प्रत्यक्ष वसूल करता येत नाही.

तुम्ही स्वतः कंपनीवर खटला भरायला गेलात, तर मात्र स्थगिती तुम्हाला लागू होते. न्यायालयाची परवानगी काढल्याशिवाय पाऊल टाकू नका. म्हणजे दिवाळखोरीच्या काळात शेजाऱ्याचं हत्यार हे खात्याच्या हातूनच चालतं. तक्रार कंपनीविरुद्ध लिहा, पण रेटा खात्यावर ठेवा.

ब्लॅकज्युएलच्या प्रकरणात काय झालं?

१ जुलै २०१९ रोजी ब्लॅकज्युएल या कोळसा कंपनीने वेस्ट व्हर्जिनियाच्या दक्षिण जिल्ह्यातल्या दिवाळखोरी न्यायालयात अर्ज केला. कामगारांचे पगाराचे चेक वटले नाहीत. २९ जुलैपासून पूर्व केंटकीच्या हार्लन काउंटीतल्या कंबरलंड गावात खाणकामगार रुळांवर बसले आणि कोळशाची गाडी अडवली. पगार न देता काढलेला माल विकायला हलवता येत नाही, असं मजुरी कायद्यातलं एक कलम त्यांच्या बाजूला होतं. सुमारे दोन महिने ती गाडी हलली नाही, आणि ऑक्टोबरात पगाराची तडजोड झाली.

वायोमिंगमधल्या ईगल बट आणि बेल एअर या दोन मोठ्या खाणींना त्याच वर्षी नवा मालक मिळाला, कारण त्यांत विकण्याजोगा कोळसा होता. पूर्वेकडचे डोंगरातले परवाने मात्र तुकड्यातुकड्यांनी खपले आणि उरले ते उरलेच. मार्च २०२१ मध्ये न्यायालयाने कंपनी गुंडाळण्याची योजना मंजूर केली. ज्या परवान्यांना गिऱ्हाईक मिळणार नाही ते ठरावीक काळाने सोडून देण्याची वाट त्यात होती. सोडल्यावर मागे कोण? राज्य आणि जामीन राहिलेली विमा कंपनी.

कामगारांकडे अडवायला निदान गाडी होती. ज्याच्या घरावर हायवॉल उभी आहे त्याच्याकडे अडवण्यासारखं काहीच नसतं. त्याचा पैसा बॉण्डमध्ये, म्हणजे कंपनीने राज्याला दिलेल्या जामिनात, अडकलेला असतो, आणि तो बॉण्ड त्याच्या नावावर नसतो.

बॉण्ड म्हणजे काय, आणि किती असतो?

परवाना देण्याआधी राज्य कंपनीकडून जामीन घेतं: कंपनी पळाली किंवा बुडाली तर राज्य या पैशातून तिसऱ्याच ठेकेदाराकडून काम करून घेऊ शकेल, इतका. केंद्राच्या कायद्यात किमान रक्कम एका परवान्याला १०,००० डॉलर आहे, जी आज हास्यास्पद आहे. चार प्रकार भेटतात.

शुअरिटी बॉण्ड सगळ्यात जास्त आढळतो. विमा कंपनी जामीन राहते, कोळसा कंपनी तिला हप्ता आणि काही तारण देते. रोख किंवा ठेवीचं तारण लहान कंपन्या देतात. सेल्फ-बॉण्ड म्हणजे ‘आम्ही मोठे आहोत, आमच्या शब्दावर विश्वास ठेवा’. त्यासाठी किमान १ कोटी डॉलर निव्वळ मालमत्ता वगैरे अटी असतात. या कागदाची किंमत २०१५-१६ मध्ये कळली, जेव्हा अल्फा, आर्च आणि पीबॉडी या तीन बड्या कंपन्या एकापाठोपाठ दिवाळखोरीत गेल्या. अल्फाचा वायोमिंगमधला सेल्फ-बॉण्ड ४१.१ कोटी डॉलरचा होता. दिवाळखोरीत राज्याने तडजोड केली तेव्हा त्यातल्या ६.१ कोटींनाच रांगेत पुढची जागा मिळाली. वायोमिंगने २०१९ मध्ये सेल्फ-बॉण्डचे नियम आवळले.

चौथा प्रकार सामाईक निधीचा. वेस्ट व्हर्जिनियात एकराला १,००० ते ५,००० डॉलर इतकाच बॉण्ड असतो आणि उरलेलं काम प्रत्येक टनावर २७.९ सेंट कर घेऊन जमवलेल्या निधीतून व्हावं अशी कल्पना. केंटकीत बॉण्ड अपुरे असल्याची नोटीस २०१२ मध्ये केंद्राने दिली, त्यावर २०१३ मध्ये असाच पूरक निधी उभा राहिला. सामाईक निधीचं दुखणं सरळ आहे: एक-दोन खाणी बुडाल्या तर तो तरतो, पण खाणी बुडतात त्या भाव पडल्यावर, सगळ्या एकदम. आणि तेव्हा टनही घटलेले असतात, म्हणजे करही.

बॉण्ड आहे म्हणता, तरी तो नेहमी कमी का पडतो?

कारण हिशेब एका चित्रावर केलेला असतो आणि खाण दुसऱ्याच चित्रात बंद पडते. एक काल्पनिक पण नेहमीच्या आकाराचं उदाहरण घ्या.

हायवॉल २० मीटर उंच, ६०० मीटर लांब. ती झाकायला पुढे २ ला १ असा उतार काढायचा, म्हणजे पायथ्याशी ४० मीटर पसारा. आडवा छेद त्रिकोणी: अर्धा गुणिले २० गुणिले ४०, म्हणजे ४०० चौरस मीटर. गुणिले ६०० केलं की २,४०,००० घनमीटर भरणी. ओबी खड्ड्याच्या काठालाच असेल तर डोझर ती ढकलून टाकतो. आता समजा ती ओबी आधीच एक किलोमीटरवरच्या दरीत टाकून झाली आहे. ६० टनी डम्पर एका खेपेत साधारण ३५ घनमीटर नेतो, म्हणजे ६,८५० च्या वर खेपा. शिवाय भरायला शॉवेल, रस्ता ठीक ठेवायला ग्रेडर, डिझेल, चालक. कागदावर डोझरचा दर लावलेला असतो आणि प्रत्यक्षात डम्परचा लागतो. भांडणाचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

त्यात तीन भर. परवान्यात एका वेळी जितकी हायवॉल उघडी राहील असं गृहीत होतं, त्याच्या दुप्पट उघडी असते, कारण शेवटचे सहा महिने कंपनीने पैसे वाचवायला भरणी थांबवलेली असते. दुसरं, काढलेली वरची माती गहाळ असते, कुठल्यातरी रस्त्याखाली गेलेली. तिसरं आणि सगळ्यात महाग म्हणजे पाणी. पायराइट हे गंधकाचं खनिज असलेला दगड उघडा पडला की आम्लाचं पाणी झिरपतं. ते दरवर्षी चुना टाकून शुद्ध करावं लागतं, काही ठिकाणी दशकानुदशकं, आणि बॉण्डच्या हिशेबात ती बाब बहुधा धरलेलीच नसते.

बॉण्ड स्थिर असतो, हायवॉल स्थिर नसते. दर पावसाळ्यात ती ढासळते, तळी गाळाने भरतात, रस्ते वाहून जातात. म्हणून उशीर हाच खर्च.

मग राज्य लगेच बॉण्ड जप्त का करत नाही?

हा प्रश्न रागाने विचारला जातो. उत्तर मात्र थंड आहे: जप्त न करण्यात प्रत्येकाचा स्वार्थ आहे.

राज्याने बॉण्ड जप्त केला की रिक्लेमेशन राज्याच्या गळ्यात पडतं, आणि बॉण्ड कमी असेल तर फरकही. शुअरिटी कंपनीला दोन पर्याय असतात: पूर्ण रक्कम भरायची किंवा स्वतः ठेकेदार लावून काम करायचं. दोन्ही पुढे ढकललेलं तिला बरं. धनको बँकेला आशा असते की एखादं गिऱ्हाईक परवाना त्याच्या जबाबदारीसकट उचलेल. दिवाळखोर कंपनीला तर वेळच हवा असतो. घाई असते ती एकट्या शेजाऱ्याला.

वेस्ट व्हर्जिनियात २०२० मध्ये याचं ठळक उदाहरण दिसलं. ईआरपी एन्व्हायर्नमेंटल फंड ही कंपनी शंभराहून अधिक परवाने घेऊन कोलमडली. ते सगळे बॉण्ड एकदम जप्त केले तर आपला निधीच बसेल, म्हणून राज्याच्या पर्यावरण खात्याने स्वतःच न्यायालयात जाऊन रिसीव्हर, म्हणजे कंपनीचा कारभार सांभाळणारा न्यायालयाचा माणूस, नेमून घेतला. जप्तीची धमकी आणि जप्तीची भीती, दोन्ही एकाच खात्याच्या खिशात.

जप्तीच्या आधीची शिडी मात्र ठरलेली आहे. उल्लंघनाची नोटीस, दुरुस्तीला साधारण ९० दिवसांपर्यंत मुदत. ती पाळली नाही तर काम बंदीचा आदेश. त्यावर कायद्यात रोज किमान ७५० डॉलर दंड आहे, महागाईनुसार वाढवलेला, जास्तीत जास्त ३० दिवस. तीस दिवसांनंतर दंड थांबतो आणि खात्याने पुढचं पाऊल उचलायचं असतं: परवाना रद्द करणं, संचालकांवर वैयक्तिक दंड, न्यायालयाचा मनाई हुकूम. तिसावा दिवस कॅलेंडरवर लाल करून ठेवा. बरीच प्रकरणं नेमकी त्या दिवसानंतर झोपतात.

दुसऱ्या कंपनीने खाण ‘घेतली’ असं ऐकलं. आता तिच्याकडे जायचं का?

आधी परवाना कुणाच्या नावावर आहे ते पाहा. खाण विकत घेणं आणि परवाना हस्तांतरित होणं या वेगळ्या गोष्टी. हस्तांतरणाला राज्याची मंजुरी लागते आणि नव्या कंपनीला स्वतःचा बॉण्ड आणावा लागतो. तो मिळत नाही म्हणून अर्ज महिनोन्‌महिने लोंबकळतो. मधल्या काळात नवी कंपनी जुन्या परवान्यावर कोळसा काढते आणि भरणीला हात लावत नाही. विचारलं तर नवा म्हणतो परवाना त्यांचा, जुना म्हणतो खाण त्यांची. तक्रारीत दोघांचीही नावं लिहा, शुअरिटी कंपनीचंही.

जमिनीचा मालक कोण? त्याला धरता येतं का?

ॲपलेशियात कोळसा कंपनी बहुधा भाडेपट्ट्यावर असते. दिवाळखोरीत ती पट्टा नाकारू शकते, आणि मग खड्ड्यासकट जमीन मूळ मालकाकडे जाते. परवान्याचं कर्तव्य मात्र परवानाधारकाकडेच राहतं. मालकावर ते आपोआप चढत नाही.

तक्रार कशी लिहायची, की बाजूला पडणार नाही?

‘खाणीमुळे त्रास होतो’ असं लिहिलं तर उत्तरही तसंच मोघम येतं. तक्रारीत चार गोष्टी हव्यात.

परवाना क्रमांक. खाणीच्या प्रवेशावर परवानाधारकाचं नाव, पत्ता, फोन आणि क्रमांक असलेला फलक असणं सक्तीचं आहे, बॉण्ड पूर्ण सुटेपर्यंत. केंटकीत हा क्रमांक तीन आकडे, आडवी रेघ, चार आकडे असा असतो. फलकच नसेल तर तेही एक उल्लंघन, फोटो काढून पहिलं कलम तेच लिहा.

जागा. फोनवरचे अक्षांश-रेखांश, आणि फोटोत उंचीचा अंदाज यावा म्हणून शेजारी काहीतरी ओळखीचं, उदाहरणार्थ विजेचा खांब. त्याच जागेवरून, त्याच दिशेने, दर महिन्याला एक फोटो. बारा फोटोंसमोर ‘काम चालू आहे’ हे वाक्य टिकत नाही.

नियम. ‘हायवॉल झाकलेली नाही’, ‘भरणी मुदतीत नाही’, ‘तळ्यातलं पाणी बाजूच्या ओढ्यात जातं’, असं एकेक वेगळं.

मागणी. तपासणी करा, आणि तपासणीच्या वेळी मला सोबत घ्या. तक्रारीवरून केंद्राचा निरीक्षक गेला तर तक्रारदाराला सोबत जाण्याचा हक्क आहे. टोपी, बूट, चष्मा त्यांच्याकडून मागून घ्या. एकट्याने कुंपण ओलांडू नका. नाही तर अतिक्रमणाची केस तुमच्यावरच.

राज्याने दाद दिली नाही तर तीच तक्रार ओएसएमआरईच्या क्षेत्रीय कार्यालयाला द्या. त्यांना उल्लंघनाचं कारण दिसलं तर ते राज्याला ‘टेन-डे नोटीस’ काढतात: दहा दिवसांत योग्य कारवाई करा किंवा न करण्याचं सबळ कारण सांगा. या नोटिशीचे नियम २०२० मध्ये सैल झाले, २०२४ मध्ये पुन्हा घट्ट, त्यामुळे जुन्या मार्गदर्शिका वाचून मुदती गृहीत धरू नका. निर्णय पटला नाही तर लेखी पुनर्विचार मागता येतो.

याशिवाय चालू परवान्यावर महिन्याला एक आंशिक आणि तिमाहीला एक पूर्ण तपासणी राज्याने करायचीच असते. ते अहवाल सार्वजनिक आहेत. आधी गेल्या वर्षभराचे मागवा. एकाच हायवॉलबद्दल सलग चार अहवालांत तेच वाक्य, शब्दशः, आलेलं असतं. त्याहून मोठा पुरावा तुम्हाला मिळणार नाही.

नागरिक म्हणून थेट खटला भरता येतो का?

कायद्यात तशी तरतूद आहे. ६० दिवस आधी परवानाधारक, राज्य आणि केंद्राला नोटीस द्यायची. तातडीचा धोका असेल तर थांबावं लागत नाही. पण दोन भिंती आहेत. दिवाळखोर कंपनीवर गेलात तर स्थगिती. राज्याच्या अधिकाऱ्यांवर केंद्रीय न्यायालयात गेलात, तर २००१ च्या ब्रॅग निकालाने चौथ्या सर्किटपुरती, म्हणजे केंद्रीय अपील न्यायालयाच्या एका विभागापुरती, ती वाट अरुंद केली आहे. वेस्ट व्हर्जिनिया त्यात येतं, केंटकी नाही. म्हणून अनुभवी वकील बहुधा पाण्याच्या कायद्याकडे वळतात: ओढ्यात सोडलेल्या पाण्याचे नमुने मोजता येतात.

विहीर आटली, घराला तडे गेले, पुरात चिखल आला. भरपाई?

हा वेगळा, पैशाचा दावा आहे, आणि इथे तुम्ही धनकोंच्या रांगेत उभे. दिवाळखोरी न्यायालयाने दिलेल्या शेवटच्या तारखेआधी ‘फॉर्म ४१०’ भरला नाही तर दावा संपला. तो भरायला वकील लागतोच असं नाही. उघड्या खाणीने विहिरीचं पाणी बिघडवलं तर ते बदलून देणं हे मात्र परवान्याचंही कर्तव्य आहे, म्हणून त्याची तक्रार खात्याकडेसुद्धा करा. खाणीआधीचा विहिरीचा पाणी-अहवाल आणि ब्लास्टिंगपूर्वीची घराची पाहणी (अर्ध्या मैलाच्या आतल्या घरमालकाने मागितली तर कंपनीने करून द्यायची असते) परवान्याच्या फाइलीत असते. तिची प्रत आजच काढा. कंपनीचं कार्यालय बंद झालं की कपाटंही जातात.

जुलै २०२२ मध्ये पूर्व केंटकीच्या पुरात ४० हून अधिक माणसं गेली. त्यानंतर ब्रेथिट काउंटीतल्या रहिवाशांनी, न भरलेल्या खाणीमुळे पूर वाढला, असा दावा लावला. अशा दाव्यांत पाऊस किती आणि खाण किती हे वेगळं करणं हीच सगळी लढाई असते. गाळाच्या तळ्याचे पुराआधीचे फोटो तिथे उपयोगी पडतात.

जुन्या खाणींसाठी केंद्राचा मोठा निधी आहे ना? तो का वापरत नाहीत?

तो निधी मुख्यतः ३ ऑगस्ट १९७७ आधी सोडून दिलेल्या खाणींसाठी आहे. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने त्यात सुमारे ११.३ अब्ज डॉलर घातले, म्हणून अपेक्षा वाढल्या. पण २०१९ मध्ये बुडालेल्या कंपनीची खाण त्यात बसत नाही. कुणी नेता त्या निधीतून तुमची हायवॉल झाकून देतो म्हणाला, तर तारीख विचारा.

बॉण्ड सोडवण्याची जाहिरात पेपरात आली आहे. काही करायचं का?

हो, आणि लगेच. कंपनी किंवा शुअरिटीचा ठेकेदार काम झालं म्हणून बॉण्ड परत मागतो, तेव्हा स्थानिक वर्तमानपत्रात सलग चार आठवडे जाहिरात द्यावी लागते. शेवटच्या जाहिरातीपासून ३० दिवसांत हरकत आणि सुनावणीची मागणी देता येते. पहिल्या टप्प्यात, भरणी आणि उतार झाल्यावर, ६० टक्क्यांपर्यंत बॉण्ड सुटतो. ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, कारण यानंतर हायवॉलचा एखादा तुकडा उघडा सापडला तर त्यासाठी पुरेसा पैसा उरत नाही.

हरकत घ्यायला जाताना एक फावडं न्या. शुअरिटीचा ठेकेदार स्वस्तात काम उरकतो, आणि स्वस्त म्हणजे डोझर पुन्हापुन्हा फिरवून गुळगुळीत केलेली जमीन. दिसायला देखणी, पण फावडं दोन इंचांवर टणकन वाजतं. त्यात गवत येतं, ओक येत नाही, पाणी मुरत नाही आणि सगळं खाली वाहतं. वनतज्ज्ञ सुचवतात ती पद्धत उलटी: वरची किमान ४ फूट माती सैल टाकून सोडायची, ओबडधोबड. परवान्यात वापर ‘वनक्षेत्र’ लिहिलेला असेल आणि जमीन पार्किंगसारखी कडक असेल, तर तीच हरकत.

हे भारतातल्या खाणींना लागू होतं का?

कायदा नाही, पण प्रश्न तेच. भारतात कोळसा मंत्रालयाच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार खाणबंदी आराखडा आणि एस्क्रो खातं (फक्त त्याच कामासाठी बाजूला राखलेला पैसा) सक्तीचं झालं. उघड्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख, भूमिगत खाणीसाठी १ लाख रुपये असा तेव्हाचा दर. नंतर तो सुधारला गेला. खातं कंपनी आणि कोळसा नियंत्रक यांच्यात असतं. इथे शुअरिटी नाही, प्रत्यक्ष पैसा साठतो, ही जमेची बाजू. पण तो खाणीच्या आयुष्यभरात हप्त्याहप्त्याने साठतो, म्हणजे खाण मध्येच बंद पडली तर खातं अर्धवट असतं. २०१४ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०४ कोळसा पट्ट्यांचं वाटप रद्द केलं, त्यानंतर चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीजवळची बरांजची खाण काही वर्षं बंद पडली होती. तिथे दिवाळखोरी नव्हती, तरी ‘मधल्या काळात जमीन कुणाची जबाबदारी’ हा प्रश्न तोच.

तुमच्या गावाजवळच्या खाणीबद्दल माहिती अधिकारात तीन कागद मागा: मंजूर खाणबंदी आराखडा, एस्क्रो खात्यातली आजची शिल्लक, आणि टप्प्याटप्प्याने पैसे काढले असतील तर त्यामागचा तपासणी अहवाल. आराखड्यात त्या वर्षापर्यंत किती हेक्टर भरून व्हायला हवे होते तो आकडा असतो. तो घेऊन खाणीच्या काठावर उभे राहा आणि मोजा.